बारा एप्रिलचं पाणी

रोलंड शनिवारी गाव सोडून जाणार होता, आणि त्याच्या सांगण्यावरून बुधवारी पहाटे मी डोंगरात त्याचा पाण्याचा कॅन शोधायला निघाले. कॅन तिथं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ते त्याला ठाऊक नाही, त्याला कारण मी.

लूपेच्या दुकानात साडेपाचला अंड्याचा बुरिटो बांधून घ्यायला थांबले. लूपे तव्यावर मैद्याची पोळी उलटत होती.

"एकटीच?" तिनं विचारलं.

"दुसरं कोण आहे आता?"

"रोलंडसाठी चाललीस ना? गावाला सगळं माहीत आहे. ग्वेनबाई, एक सांगू? दोन वर्षं त्याला डॉक्टरकडे नेतेस, सूप नेतेस, कपडे धुतेस. त्यापेक्षा लग्न केलं असतंस तर सोपं गेलं असतं."

"लग्नात उपकार मोजता येत नाहीत, लूपे."

"तू तिथंही मोजले असतेस," ती म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत बुरिटोत दोन मिरच्या जास्त घातल्या.

वाटेच्या तोंडाशी खांबावर लोखंडी पेटी आहे आणि पेटीत वही. डोंगरात जाणाऱ्यानं नाव लिहायचं, कुठवर जाणार ते लिहायचं, निघण्याची वेळ आणि परतीची. मी लिहिलं: ग्वेन, खिंडीपर्यंत, एकटी, पाच पन्नास, परत चार. कशासाठी, असा रकाना त्या वहीत नाही. बरं आहे.

शिवाय एकट्यानं जाताना मागं कुणाकडे तरी वेळ ठेवून जायची, अशी इकडची रीत आहे. त्या वेळेपर्यंत परत आलं नाही की मागच्यानं शेरीफला फोन करायचा. माझी वेळ रोलंडकडे होती. पाच. त्यानं ती चिठ्ठीवर लिहून फ्रीजला लावली होती, आणि फ्रीजवर चिठ्ठी आहे हे सांगणारी दुसरी चिठ्ठी दाराला. पूर्वी हा माणूस स्वतः पाडलेल्या तीनशे बोअरवेलींची खोली तोंडपाठ सांगायचा. कुणाच्या अंगणात किती फुटांवर पाणी लागलं, किती फुटांवर खडक, आणि कुणी शेवटपर्यंत त्याला कॉफीही विचारली नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. हिवाळ्यात दोनदा बरा पाऊस झाला होता, त्यामुळं पायथ्याचा उतार पिवळ्या फुलांनी भरून गेला होता. सग्वारो निवडुंग हात वर करून उभे होते. टपाल कचेरीच्या खिडकीमागं मी एकतीस वर्षं काढली. मला ते नेहमी रांगेतल्या माणसांसारखे दिसतात, माझं आधी घ्या, माझं आधी घ्या म्हणणारे. पाठीवर सव्वा गॅलन पाणी होतं. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पाणी प्यायचं असतं त्याच्या आधी ते वाहायचं असतं. पहिले दोन मैल कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जातात, तिथं प्रत्येक पाऊल अर्धं मागं सरकतं. मग वाट डावीकडे खडकात चढते, आणि तिथून माणसाला स्वतःशी बोलायला दम उरत नाही. मला तेच हवं होतं. पण डोकं चालत राहिलं.

आमच्या डोंगरात पाणी नाही. नकाशावर निळे ठिपके आहेत, पण ठिपका पिता येत नाही. म्हणून लांबची चाल करणारा माणूस आधी एकदा जाऊन वाटेत गॅलनभर पाण्याचा प्लास्टिकचा कॅन ठेवून येतो. कॅनवर जाड पेनानं नाव आणि आपण तिथं पोचणार ती तारीख. दुसऱ्याच्या कॅनला हात लावायचा नाही. जीव जायची वेळ आली तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही चिठ्ठी ठेवायची.

आता ज्यानं कॅन ठेवला तो आलाच नाही तर? कॅन तसाच पडून राहतो, उन्हानं तडकतो, प्लास्टिकचे तुकडे डोंगरभर होतात. आमचं वाटा राखणाऱ्यांचं मंडळ आहे, चौदा जणांचं, सगळे निवृत्त. मी त्यात कचऱ्याचं काम बघायची. डोंगरातून जे आणलं ते घरी काट्यावर तोलून वहीत लिहायची. चॉकलेटचा कागदसुद्धा. वर्षाला शंभर पौंडांच्या खाली कधी गेले नाही, आणि हे मी लोकांनी विचारल्याशिवाय सांगायची.

तीन वर्षांपूर्वी मी मंडळात ठराव आणला, की तारीख उलटली की कॅन कचरा. त्याच दिवशी. रोलंड उठून म्हणाला, "ग्वेन, तारीख टपालाला चालते. पायांना नाही. टायर पंक्चर होतं, पोट बिघडतं, सून आजारी पडते." सगळे हसले. ठराव झाला तो असा, की तारखेनंतर तीन दिवस हात लावायचा नाही. माझ्या बाजूनं दोन मतं पडली, त्यातलं एक माझं. त्यानंतर महिनाभर मी रोलंडशी फक्त हवापाण्याचं बोलले, आणि कॅन कुठं ठेवतो हे त्यानं मला सांगणं बंद केलं.

पुढच्या वर्षी तेरा एप्रिलला सकाळी साडेआठला मी खिंडीत पोचले. मोठ्या खडकाखाली, डाव्या हाताला, भरलेला कॅन होता. तारीख बारा. एक दिवस उलटून गेलेला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मे महिन्याच्या बैठकीत हा टेबलावर ठेवायचा, असं ठरलंसुद्धा माझं. नाव बघायला कॅन फिरवावा लागला असता. मी फिरवला नाही. झाकण काढलं, पाणी पालो व्हर्डेच्या एका झाडाखाली ओतलं, कॅन बुटाखाली चेपला आणि पिशवीत घातला. नऊ वाजता उतरायला लागले.

रोलंड त्या वेळी पलीकडच्या बाजूनं चढत होता. उत्तरेकडे त्याला सोडणाऱ्या माणसाची गाडी आदल्या दिवशी बंद पडली, म्हणून त्याला एक दिवस उशीर झाला होता. दुपारी दोनला तो खडकाशी आला. कॅन नाही. त्याच्याजवळ दोन घोट होते. तिथून रस्ता सात मैल. पाचव्या मैलात चक्कर येऊन पडला, गुडघा फुटला, आणि संध्याकाळी दोन शिकाऱ्यांना सापडला.

तिसऱ्या दिवशी मी शहरातल्या दवाखान्यात गेले. हाताला सुई, ओठ फुटलेले. मला बघून हसला आणि म्हणाला, "ग्वेन, तुझा ठराव बरोबर होता बघ. कॅनवर भरवसा ठेवणारा असाच मरतो."

"कुठला कॅन?" मी विचारलं. विचारतानाच मला कळलं होतं.

"खिंडीतल्या खडकाखाली. डाव्या हाताला. बाराची तारीख टाकलेला. गेलो तर नव्हता."

तेव्हाच सांगायचं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्स आली, रक्तदाब बघायला. मग त्याची मुलगी डेनिस आली, रडत. मग भेटायची वेळ संपली. म्हटलं, उद्या. उद्या म्हटलं, जरा बरा होऊ दे. दोन आठवड्यांनी तो काठी टेकत घरी आला, तेव्हा गॅरेजमध्ये त्याला एक भरलेला कॅन दिसला. त्यानं दोन विकत आणून दोन्ही भरले होते, नेला एकच. पण आता त्याला वाटलं, की नेलाच नाही. हाच तो.

"मी ठेवलाच नव्हता गं," तो मला फोनवर म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "इथंच राहिला. मला डोळ्यांपुढं दिसतंय, की मी खडकाखाली ठेवतोय. सूर्य कुठं होता ते दिसतंय. आणि कॅन गॅरेजमध्ये. असं दिसायला लागलं म्हणजे काय समजायचं?"

मी म्हणाले, "वय झालं की होतं असं." हे मी म्हणाले. दुसरं कुणी नाही.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून घरंगळत गेलं. त्यानं चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. गॅस बंद. गोळी घेतली. डेनिसला फोन झाला. डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानानं ठीक म्हणाले, पण त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा भीतीनं त्याचा हात असा कापला, की काटे घड्याळाबाहेर गेले. ट्रकच्या किल्ल्या त्यानं आपण होऊन डेनिसला दिल्या. मग घर विकायचं निघालं. डेनिसच्या गावी, ओरेगनमध्ये, म्हाताऱ्यांचं एक चांगलं ठिकाण होतं. परवाच्या सोमवारी कागदांवर सह्या झाल्या.

आणि मी? मी सूप नेलं. ब्याऐंशी वेळा त्याला डॉक्टरकडे नेलं आणलं. खरं एकदाच बोलायचं होतं.

सह्या झाल्या त्याच दिवशी त्यानं मला म्हटलं होतं, "जायच्या आधी एक काम करशील? खिंडीत जाऊन ये. खडकाच्या मागं एक फट आहे. वाऱ्यानं, एखाद्या जनावरानं कॅन आत ढकलला असेल. सापडला तर मी ठेवला होता. नाही सापडला तर नव्हता ठेवला. मला एवढंच कळून जायचंय."

म्हणून हा बुधवार. ठरवलं होतं, वर जाईन, सांगायचं वाक्य चालता चालता नीट जुळवीन, आणि उतरून सांगेन. आज नाही सांगितलं तर तो शनिवारी स्वतःला वेडा समजून गाडीत बसेल.

चौथ्या मैलाशी खडकातला रांजणखळगा लागतो. हिवाळ्याचं पाणी त्यात अजून वीतभर होतं, हिरवं, वर मधमाश्या. तिथं बसून अर्धा बुरिटो खाल्ला. मिरच्यांनी डोळ्यांतून पाणी आलं. कुणाला काय लागतं ते लूपेला बरं कळतं. वर कड्यात कुठंतरी तो छोटा पक्षी गात होता, सूर वरून सोडून पायऱ्या पायऱ्यांनी खाली आणणारा. रोलंडला तो फार आवडायचा. "बाकीचे पगार वाढल्यासारखे गातात, हा कापल्यासारखा," म्हणायचा.

अकराला पाच मिनिटं कमी असताना खिंडीत आले. तिथं एक बाई खडकाच्या सावलीत बूट काढून बसली होती. पन्नाशीची, नवी कोरी काठी, नाकावर पांढरं मलम. मिनेसोटाहून आलेली, नाव क्रिस्टा. हे सगळं तिनं मी पाठीवरची पिशवी उतरवायच्या आत सांगितलं.

"हा तुमचा का?" तिनं विचारलं.

मी वळून बघितलं. खडकाखाली, डाव्या हाताला, पाण्याचा कॅन. मी दोन पावलं पुढं झाले. पण कॅन नवा होता, झाकण लाल, आणि तारीख पंचवीस मार्च. कुणा परक्याचा.

"नाही," मी म्हणाले.

"मग बरं. कालची तारीख आहे. माझं पाणी संपत आलंय, खरं तर मोह झाला होता. पण म्हटलं, नको. माणसाला एखाद दिवस उशीर होतोच की."

मी माझी बाटली शोधायच्या निमित्तानं पिशवीत डोकं घातलं.

"होतो ना?" तिनं पुन्हा विचारलं. मिनेसोटाच्या लोकांना उत्तर लागतं.

"होतो."

"कुणी चोरत नाही हो हे?"

"चोर एवढं चढत नाहीत. इथवर सज्जन लोकच येतात."

"किती छान!" ती म्हणाली.

मी तिला माझ्यातलं अर्धा लिटर पाणी दिलं. ती नको नको म्हणाली आणि लगेच प्यायली. जाताना तिनं त्या परक्या कॅनवर ऊन येत होतं म्हणून एक चपटा दगड टेकवून सावली केली, आणि आपल्या कामगिरीवर खूश होऊन उतरून गेली. दोन वर्षांपूर्वी या जागी ती असती, तर रोलंड आज स्वतःच्या ट्रकमधून फिरत असता.

मग मी गुडघे टेकले आणि खडकामागच्या फटीत बघितलं. टॉर्च लावून. का, ते विचारू नका. जे माझ्याच बुटाखाली चेपलं गेलं ते मी तिथं दहा मिनिटं शोधत होते. आत कुठल्याशा उंदरानं जमवलेल्या चोया निवडुंगाच्या काटेरी काड्या होत्या, एक बाटलीचं बूच, आणि वाळलेल्या कसल्या तरी लेंड्या. पालो व्हर्डेचं ते झाड चार हातांवर होतं. मोहरायला आलं होतं, शेजारच्या झाडांइतकंच. एका गॅलननं झाडाला काही होत नाही.

उतरताना वाक्य जुळवायला घेतलं. पहिल्या मैलात ते फार लांब होतं. त्यात मंडळाचा ठराव होता, माझा दुखावलेला मान होता, नर्स होती, भेटायची वेळ संपली होती. टपालखात्यात तक्रारीला उत्तर लिहायची सवय. आधी परिस्थिती, मग खेद, मग चूक कुणाची याचा उल्लेख टाळून सही. दुसऱ्या मैलात नर्स काढून टाकली. तिसऱ्या मैलात ठराव काढला. वळणावर एक खडखड्या साप वाटेवर आडवा उन्हं खात पडला होता, वसंतातला, नुकताच बाहेर आलेला, मंद. शेपटी वाजवायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत. तो जाईपर्यंत मी उभी राहिले, सात आठ मिनिटं, आणि तेवढ्यात वाक्यातून मानही गेला. ओढ्याच्या वाळूत पोचले तोवर पाचच शब्द उरले होते.

वहीत परतीची वेळ लिहिली, तीन बावन्न, आणि गाडी सरळ रोलंडच्या घराकडे घातली.

तो अंगणात लोखंडी खुर्चीवर सावलीत बसला होता, मांडीवर फोन, मनगटावर घड्याळ. भोवती खोकी. खोक्यांवर त्याच्या अक्षरात: पुस्तकं. भांडी. कशाला नेतोय माहीत नाही.

"चाळीस मिनिटं हातात ठेवून आलीस," तो म्हणाला. "शेरीफचा नंबर लावून बसलो होतो. जरा निराशाच झाली."

मी उलट्या खोक्यावर बसले. त्यानं लिंबू सरबताचा पेला पुढं केला. बर्फ वितळून गेला होता. म्हणजे करून बराच वेळ झाला होता.

"होता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मागं फटीत?"

"गुडघ्यावर बसून बघितलं."

त्यानं हळूहळू मान हलवली. "बरं झालं. निकाल लागला. आता डेनिसशी भांडत बसायला नको."

"तू ठेवला होतास, रोलंड," मी म्हणाले. "मी ओतला."

मी वाट बघत होते, की आता पेला फेकेल, काठी उचलेल, निदान शिवी देईल. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मऊ, लहान मुलाचं चित्र बघताना येतं तसं.

"ग्वेन," तो म्हणाला, "दोन वर्षं तुझं सूप खाल्लं. मीठ नसायचं, तरी खाल्लं. हे मात्र नाही खाणार."

"अरे, खरं सांगतेय. तेरा एप्रिल. सकाळी साडेआठ. वर बाराची तारीख होती. एक दिवस उलटला म्हणून मी ओतून टाकला. चेपून पिशवीत घातला."

"तारीख मीच सांगितली होती तुला. दवाखान्यात."

"आणि साडेआठ?"

"ते तुझे. तू टपालातली बाई, वेळेचा शिक्का मारल्याशिवाय तुझं खोटंसुद्धा पुढं जात नाही."

"खोटं नाहीये!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"बरं, नाहीये. मग तुझ्या वहीत असेल. तू तर बूचसुद्धा लिहितेस."

"त्या दिवसाचं लिहिलं नाही. दवाखान्यातून आले आणि ते पान सोडून दिलं."

"हं," तो म्हणाला. रागानं नाही. मुलं सबबी सांगतात तेव्हा मास्तर म्हणतात तसं. मग त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली, आणि तो बोलला तेव्हा आवाज बदलला होता. जुना आवाज होता तो, किती फुटांवर खडक लागला ते विचारायचा तो. "ग्वेन, मग एक सांग. तारखेच्या खाली काय लिहिलं होतं?"

"खाली?"

"कॅनवर. तारखेच्या खाली."

मी डोळे मिटले. कॅन दिसत होता. पाण्यातून आरपार येणारं सकाळचं ऊन दिसत होतं. बारा दिसत होता, त्यापुढं एप्रिल. त्याच्याखाली माझा अंगठा होता. की काहीच नव्हतं? तारीख वाचली आणि माझं काम झालं होतं. जो उलटा करायचाच आहे तो कोण वाचत बसतो?

"तुझं नाव," मी म्हणाले.

"नाव मागच्या बाजूला असतं माझं. नेहमी."

"मग मला नाही आठवत. मी वाचलंच नाही, रोलंड. फक्त तारीख वाचली."

त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी उभं राहिलं होतं, ते परत बसलं. मी ते बसताना बघितलं.

"एक ओळ होती," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच. मला माहीत होतं, त्या आठवड्यात तू खिंडीत जाणार. वाटलं, ग्वेन वाचेल आणि चिडेल, आणि हसेल, आणि मग आपलं पुन्हा पहिल्यासारखं बोलणं सुरू होईल. लिहिलेली आठवते मला. पण ठेवलेलाही आठवतो, सूर्य कुठं होता त्याच्यासकट. तेव्हा माझ्या आठवण्याला आता काय किंमत?"

"काय ओळ होती?"

"जाऊ दे. नसेल लिहिली तर उगीच तुझं मन खाईल."

"रोलंड, मला शिव्या दे. डेनिसला फोन कर. घराचे कागद फिरवायला सांग. तुला काहीही झालेलं नाही!"

त्यानं हात पुढं करून माझ्या मनगटावर ठेवला. डोंगरात पडला तेव्हाचा वण त्या हातावर अजून होता. "माझ्यासाठी इतकं मोठं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं," तो म्हणाला. "बायकोसुद्धा नाही. आता रडू नकोस. ती चिकटपट्टी दे इकडं. तिचं टोक सापडत नाही मला, बघ तुला सापडतंय का."

मला सापडलं. नखानं उचकटलं, आणि आम्ही भांड्यांचं खोकं बंद केलं.

शुक्रवारी डेनिस आली तेव्हा मी तिलाही अंगणात गाठून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, नर्ससकट. ती पन्नाशीला टेकलेली, दमलेली बाई. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बाबांनी सांगितलं मला, तुम्ही असं म्हणालात ते," ती म्हणाली. "ग्वेन, तुमचे उपकार कसे फेडू? पण आता त्यांचं मन ठरलंय. त्यांना पुन्हा हलवू नका. प्लीज."

"तुझे बाबा शहाणे आहेत, डेनिस. माझ्यापेक्षा."

"आहेतच," ती म्हणाली, आणि मला मिठी मारली. मिठीत घेतलेल्या माणसाला पुढं काही पटवता येत नाही.

शनिवारी सकाळी ते गेले. रोलंडनं खिडकीतून हात केला, काच खाली न करता.

जूनमध्ये डेनिसचं पाकीट आलं. आत फुलांचं कार्ड. बाबा बरे आहेत. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना तुमची गोष्ट सांगतात, की माझी एक मैत्रीण होती, माझं डोकं ठिकाणावर आहे असं मला वाटावं म्हणून तिनं सगळा दोष स्वतःवर घ्यायची तयारी केली. ऐकून इथल्या दोन आज्या रडल्या. तुमचं नाव मात्र ते कधी विसरत नाहीत, एवढं समाधान.

मी तीनदा उत्तर लिहायला बसले. ते खरं होतं, एवढंच लिहायचं होतं. पहिल्यांदा लिहून बघितलं, तर वाचताना ते मलाही प्रेमळ वाटलं. दुसऱ्यांदा खाली दोन रेघा ओढल्या, तर जास्तच प्रेमळ वाटायला लागलं. तिसऱ्या कागदावर लिहिलं, की इकडं अजून पाऊस नाही, सग्वारोंची फळं पिकून फुटायला लागलीत, पाखरांची चैन आहे, आणि रोलंडला म्हणावं, लूपेनं विचारलंय. तिकीट लावून तेच टाकलं.